धुळ्याच्या मास्तरांची टोपी

तारीख १५ मे १९८६. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नुकतीच झालेली. ठिकाण एरंडोल तालुक्यातल्या एका गावाचा चौक, वेळ टळटळीत दुपारची. हजर: क्लॅरिनेटवर देविदासमास्तर, साइड ड्रमवर भीमराव, मोठ्या ढोलावर सोनूनाना, फुंकायच्या पितळी वाद्यांवर आठ जण, झांजेवर एक, खुळखुळ्यावर एक, भरतीचे दोन आणि मॅनेजर म्हणून मी. गैरहजर कुणी नाही. लग्नसराईत आमच्याकडे रजा फक्त मयतासाठी मिळायची, आणि तीही स्वतःच्या.

संपादकांनी विषय दिला आहे की संगीतातलं एक लक्षात राहिलेलं जुनं वर्ष घ्या आणि ते यंदाच्या वर्षाशी ताडून पाहा. अशा विषयावर लोक गवयांबद्दल लिहितात. पूर्वी संगीत आत्म्यातून यायचं, आता यंत्रातून येतं, असं म्हणून डोळे पुसतात. मी धरणगावच्या एका लग्नाच्या बँडचा मॅनेजर. बँडचं नाव इथे देत नाही, फुकट जाहिरातीचा आरोप नको. वाद्य मला एकही वाजवता येत नाही. माझं संगीत म्हणजे किती गणवेश धोब्याकडे आहेत, टेम्पो किती वाजता निघणार आणि कोणाचं कोणाशी भांडण असल्यामुळे कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही. आत्मा गणवेशाच्या कुठल्या खिशात असतो, हे मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. त्यामुळे ८६ साल आणि यंदाचं ९८ साल यांची तुलना मी माझ्या पद्धतीने करतो.

आधी धंद्याची माहिती. बँड ठरवण्याला आमच्यात सुपारी म्हणतात. गिऱ्हाईक येतं, तिथी सांगतं, सुपारी ठेवतं, आणि मग आभाळ कोसळलं तरी त्या तिथीला आम्ही त्याचे. बँड किती माणसांचा, यावर गिऱ्हाइकाची इज्जत ठरते. पंधरा माणसांचा म्हटलं की व्याही सरळ बसतो. पण वाजवणारी पंधरा माणसं एका तिथीला मिळणं कठीण. म्हणून एकदोन भरतीचे घ्यावे लागतात. भरतीचा म्हणजे ज्याला काही वाजवता येत नाही, पण गणवेश अंगात बसतो असा माणूस. त्याच्या हातात वाद्य द्यायचं आणि ते तोंडाला लावून चालायला सांगायचं. फुंकायचं नाही, ही एकच अट. आमच्याकडे आत्माराम नावाचा भरतीचा होता. जिनिंगमध्ये हमाली करायचा, शरीराने देखणा, आणि कॉर्नेट असा धरायचा की गिऱ्हाईक बक्षिसाची नोट नेमकी त्यालाच दाखवायचं. देविदासमास्तर त्याच्यावर कायम खार खाऊन असायचे.

"आत्माराम, गाल कसाले फुगावस रे? वारा भरी ऱ्हायनास का टायरमा?"

"मास्तर, गाल नही फुगाडा तर लोकेस्ले वाटी मी खोटा शे."

तेव्हा पूर्वीचं संगीत अस्सल होतं असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ८६ साली आमच्या पंधरांतले दोन जण शुद्ध देखावा होते. बाकीच्यांतलेही सगळे सुरात होते, असं मी शपथेवर सांगणार नाही.

नवीन गाणं बसवण्याची तेव्हाची पद्धतही सांगतो. जळगावला नवा सिनेमा लागला की मास्तरांना मी बसने पाठवायचो. ते ओळीने दोन खेळ बघायचे आणि गाणं डोक्यात घेऊन परत यायचे. परतीच्या बसमध्ये मास्तरांशी कुणी बोलायचं नाही, म्हणून मी सोबत जायचो आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून लोकांना थोपवायचो. एकदा माझा डोळा लागला. पाळधीजवळ एका म्हाताऱ्याने मास्तरांना, "भाऊ, वाजले किती?" असं विचारलं. मास्तरांनी घड्याळ बघून सांगितलं आणि अंतरा गेला. ते गाणं त्या संबंध सराईत आम्ही अंतऱ्याशिवाय वाजवलं. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. जुन्या रसिकतेबद्दल यापेक्षा जास्त मला काही म्हणायचं नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका पाटलांना हृदयाचा त्रास होता. मुलाच्या लग्नात बँड तर हवा, पण डॉक्टरांनी मोठा आवाज वर्ज्य सांगितलेला. "बँड असा पाहिजे, का दिसला पाहिजे पण छातीत बसला नाही पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. आम्ही पितळी वाद्यांच्या तोंडात उपरणी कोंबली, भीमरावने ड्रम बोटांनी वाजवला, आणि ती वरात गावातून अशी गेली की चोरी करून परत निघालेली माणसं वाटावीत. पाटील मात्र खूश झाले. यंदाच्या वर्षाची चाहूल त्या पाटलांना आधीच लागली होती, हे मला उशिरा कळलं.

आता चौकाकडे येतो.

बँडच्या धंद्यात टक्कर नावाची चाल होती. दोन वराती, दोन बँड, समोरासमोर आणि रस्ता एक. अशा वेळी मागे कोणी फिरायचं नाही. दोन्ही बँडनी जागेवर उभं राहून आळीपाळीने वाजवायचं. एकदा वाजलेलं गाणं दुसऱ्याने वाजवायचं नाही. समोरच्याचं गाणं संपलं की ढोलवाल्याने कपाळ पुसेपर्यंत आपलं सुरू झालं पाहिजे. ज्याची गाणी संपतील त्याने बाजूला होऊन दुसऱ्याच्या नवरदेवाला वाट द्यायची, आणि हरलेल्या मास्तरने आपल्या डोक्यावरची तुऱ्याची टोपी जिंकणाऱ्याला द्यायची. ती टोपी विकत परत मिळत नाही, मागून मिळत नाही, भेट म्हणूनही देता येत नाही. पुढच्या टक्करीत जिंकूनच न्यायची. तोवर त्या मास्तरने उघड्या डोक्याने वाजवायचं. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण एवढा काटेकोर पाळलेला दुसरा नियम मी जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांत पाहिलेला नाही.

त्या दिवशी आमच्यासमोर आला तो धुळ्याचा बँड. त्यांचे युसूफमास्तर म्हणजे त्या काळी मोठं नाव. लाल मखमली टोपी, तिच्यावर पांढरा तुरा, आणि क्लॅरिनेटचा आवाज असा की घोडासुद्धा कान टवकारायचा. धुळ्याला हायवेमुळे सगळं लवकर पोचतं. इंदूरची गाणी, मुंबईची गाणी, दोन्ही त्यांना आमच्याआधी मिळत. मी मनातल्या मनात देविदासमास्तरांच्या टोपीचा निरोप घेतला.

टक्कर सुरू झाली. उन्हाने पितळ एवढं तापलेलं की आमची माणसं दर गाण्यानंतर ओल्या फडक्याने वाद्याचं तोंड पुसत होती. दोन्हीकडची सिनेमाची गाणी झाली, आरत्या झाल्या, कव्वाल्या झाल्या, प्रभातफेरीची गीतं झाली. मुहूर्त टळला. दोन्ही नवरदेव घोड्यावरून उतरून पाराच्या सावलीत बसले आणि एका बशीतून चहा प्यायले. पुढे हेच दोघे त्या गावात सरपंचपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहू लागले, पण त्या दिवशी त्यांच्याइतके जिवलग मित्र जगात नव्हते. भटजी दोन्ही लग्नांना एकच होता. तो दोन्हीकडे जाऊन रडत होता.

शेवटी आमची गाणी संपली. देविदासमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भीमरावकडे पाहिलं. सोनूनानांचा हात कपाळाकडे निघाला. त्यांनी कपाळ जेवढं सावकाश पुसता येईल तेवढं पुसलं, मग मान पुसली, मग कान. समोरून ओरड सुरू झाली, "हारनात! हारनात!"

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात, हे खानदेशातल्या वाचकाला सांगायला नको. बाकीच्यांनी एवढं समजावं की त्या आठवड्यात गाव माहेरवाशिणींनी भरलेलं होतं, आणि सगळ्या ओट्यांवर उभ्या राहून टक्कर बघत होत्या. देविदासमास्तरांनी डोळे मिटले आणि झोक्यावरचं गाणं सुरू केलं. कुठल्याही बँडने ते कधी वाजवलेलं नव्हतं. बँडने वाजवण्याचं ते गाणंच नव्हे. दुसऱ्या ओळीला एका ओट्यावरून बायांचा आवाज आला, तिसऱ्या ओळीला सगळ्या ओट्यांवरून. धुळ्याच्या वरातीतल्या बायासुद्धा म्हणू लागल्या. झोक्याच्या गाण्याला शेवट नसतो, एक बाई थांबली की दुसरी आपल्या भावाचं नाव घालून पुढचं कडवं घेते. गाणं संपेल तेव्हा युसूफमास्तरांची पाळी, आणि ते संपेचना.

युसूफमास्तरांनी बराच वेळ ऐकलं. मग स्वतःच टोपी काढली, रस्ता ओलांडून आले आणि माझ्या हातात दिली. देविदासमास्तर वाजवत होते, त्यांचे हात मोकळे नव्हते.

"मॅनेजरसाहेब, जपून ठेवा. मी येणार घ्यायला."

मी गाळ्यावर आल्यावर भिंतीला खिळा मारला आणि टोपी अडकवली. दर दिवाळीला तिची धूळ झटकतो. कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला घालतो.

टक्कर ठरवून होत नाही. दोन मुहूर्त आणि एक गल्ली जुळावी लागते. पारोळ्याला एकदा आम्ही पोचलो तर धुळ्याचा बँड नुकताच गेलेला. अमळनेरला एकदा समोरासमोर आलो, तर मध्ये नवा बायपास झालेला आणि पोलिसांनी एकेका वरातीला एकेक रस्ता वाटून दिला. गावं सुधारत गेली, रस्ते रुंद झाले आणि टक्कर घ्यायला अडचणच उरली नाही. युसूफमास्तर उघड्या डोक्याने वाजवतात, असं धुळ्याकडून आलेला जो तो सांगायचा. दुसरी टोपी शिवून घेणं अवघड नव्हतं, धुळ्यात शिंपी पुष्कळ. त्यांनी घेतली नाही. मग बातमी आली की त्यांचा बँडच बंद झाला. टोपी खिळ्याला तशीच राहिली. ज्याची वस्तू त्याला पोचवली पाहिजे, या मताचा मी माणूस. धोब्याच्या चुकीने आलेला दुसऱ्याचा रुमालसुद्धा मी घरी ठेवत नाही. ती टोपी मला दररोज दिसायची.

आता यंदाचं वर्ष.

भडगावहून आप्पा आले. बियाणं-खताचं दुकान, मोठं नाव, मुलाचं लग्न आखाजीनंतरच्या तिथीला. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पंधरा माणसांचा बँड पाहिजे. गणवेश कडक इस्त्रीचे. पण एक आहे."

"बोला आप्पा."

"वाजवायचं नाही."

मला वाटलं, यांनाही हृदयाचा त्रास आहे.

"तसं नाही हो. आवाजाला साऊंडवाली गाडी सांगितली आहे. टेम्पोवर जनरेटर, भिंतीएवढे स्पीकर. पोरांना तेच पाहिजे. पण शूटिंगवाला म्हणतो, टेम्पो शूटिंगमध्ये चांगला दिसत नाही. लाल कपडे, सोनेरी वाद्यं, असं काही पुढे पाहिजे. तुम्ही पुढे चाला, वाद्य तोंडाला लावा. बाकी आवाजाचं मागून होईल."

म्हणजे ८६ साली पंधरांत दोन भरतीचे होते, ९८ साली पंधराच्या पंधरा. तुलना एवढीच. संपादकांना घाई असेल तर लेख त्यांनी इथे तोडावा.

मी देविदासमास्तरांना कसं सांगायचं याची मनात तयारी केली. ते सुपारी माझ्या अंगावर फेकतील, निदान चहा तरी पिणार नाहीत, असा अंदाज होता. मास्तरांनी ऐकून घेतलं, तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाले, "ले सुपारी."

मग रुमाल काढला. वरचे पुढचे दात गेलेले. होळीपासून पडत होते, त्यांनी मिशीखाली झाकून ठेवले होते. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते. ती खालच्या ओठावर बसते आणि वरून दातांनी पकड घ्यायची असते. पकड नाही तर सूर नाही, नुसता वारा. बाकी सगळं येत असून उपयोग नाही.

"कवळी करा ना मास्तर."

"सराई झाल्यावर करसू. आते वाजाडनंच नही शे ना!"

लग्नाच्या दिवशी टेम्पोत आत्माराम खुलला होता. आयुष्यभर ज्या कामाबद्दल बोलणी खाल्ली, त्या कामाचा आता तो सगळ्यात अनुभवी माणूस होता. त्याने रीतसर शिकवणी घेतली.

"बठ्ठासनी एकदम गाल फुगाडू नका. आळीपाळीनं. अंतराले डोळा मिटाना. आनि मास्तर, तुम्ही बोटं हालावतस ती भलती खरी वाटस. थोडी कमी हालावा, नहीतर शूटिंगमा तुम्ही एकलाच उठी दिसशात."

"आत्माराम," भीमराव म्हणाला, "तुले पोरगं झाया तर त्याले बी आसंच रडाडस का? आवाज न करता?"

वरात निघाली. मागे टेम्पो, पुढे आम्ही, मध्ये घोडा. स्पीकरचा आवाज असा की गणवेशाची बटणं थरथरत होती. आमची सगळी माणसं अगदी मन लावून काहीच करत नव्हती. शूटिंगवाला उलट्या पावलांनी चालत "छान, छान!" म्हणत होता. लोक बक्षिसाच्या नोटा धरत होते, आणि अर्थात आत्मारामसमोर.

मारुतीच्या देवळाच्या वळणावर आवाज एकाएकी खर्जात गेला, घरघरला आणि बंद पडला. कॅसेटची फीत गुंतली होती. पोरांचे नाचते हात वर तसेच राहिले. घोडा थांबला. एवढ्या गोंगाटानंतरची शांतता फार मोठी असते. तिच्यात सगळ्या भडगावने पाहिलं की पंधरा माणसं वाद्यं तोंडाला लावून गाल फुगवून उभी आहेत आणि आवाज मात्र कुठेच नाही.

"चालू ठेवा! आवाज नंतर टाकू!" शूटिंगवाला म्हणाला.

ओट्यांवर बाया हसायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "आरे भो, बँड शे ना! वाजाडा ना! का तुमनी बी फीत गुतनी?"

देविदासमास्तरांनी क्लॅरिनेट नीट धरलं आणि फुंकलं. वारा आला. पुन्हा फुंकलं, पुन्हा वारा. त्यांचं तोंड गणवेशासारखं लाल झालं. आप्पा गर्दीतून माझ्याकडे येत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की यापुढे भडगावात आम्हाला कोणी सुपारी देणार नाही. दुसरा क्लॅरिनेटवाला आमच्याकडे नव्हता. मास्तरांनी सुरू केल्याशिवाय बाकीचे सुरू करत नाहीत. एकाने सुरुवात करावी असं ज्याला त्याला वाटत होतं, आणि तो एक आपण नसावं असंही.

टेम्पोच्या केबिनमधून एक म्हातारा उतरला. बुशशर्ट, पायात चप्पल, बोटांवर गुंडाळलेली कॅसेटची तपकिरी फीत. ती सोडवत तो सरळ आमच्याकडे आला. उघडं डोकं पाहून मी आधी ओळखलं नाही. मग उघड्या डोक्यामुळेच ओळखलं.

"मॅनेजरसाहेब, टोपी शे ना जागावर?"

"आहे, मास्तर."

"देविदास, बाजा दे."

देविदासमास्तरांनी क्लॅरिनेट हातात घट्ट धरून ठेवलं. माझ्या आठवणीत त्यांनी ते कुणाला दिलेलं नाही. युसूफमास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, सगळं समजले आणि हात पुढे करून तसेच उभे राहिले. मग देविदासमास्तरांनी वाद्याचं तोंड गणवेशाच्या बाहीला पुसलं आणि दिलं.

"भीमराव, ठेका. संथ."

आणि त्यांनी आखाजीचं झोक्याचं गाणं सुरू केलं. तेच, ज्याने त्यांची टोपी घेतली होती. ८६ साली त्यांना ते येत नव्हतं. हरल्यावर शिकले असणार. आमची माणसं एकेक करून मागून आली. कॉर्नेट आलं, युफोनियम आलं, सोनूनानांचा ढोल आला. ओट्यांवरचं हसणं थांबलं आणि गाणं सुरू झालं. नवरदेवाची आत्या घोड्यापुढे येऊन आपल्या भावाचं, म्हणजे आप्पांचं, नाव घालून कडवं म्हणाली. आप्पा माझ्याशी भांडायला आले होते, ते तोंड उघडं ठेवून जागेवर उभे राहिले. देविदासमास्तर रिकाम्या हातांनी युसूफमास्तरांच्या शेजारून चालत होते आणि त्यांची बोटं हवेत हलत होती, एकही चुकत नव्हतं.

मध्येच शूटिंगवाला धावत आला. "या बाबांना टोपी द्या हो कुणीतरी! फ्रेममध्ये एकटेच बोडके दिसताहेत!"

देविदासमास्तरांनी लगेच स्वतःची टोपी काढून पुढे केली. युसूफमास्तरांनी वाजवता वाजवता मान हलवली, नाही म्हणून. शेवटी शूटिंगवाल्याने कॅमेरा त्यांच्या खांद्याखालूनच ठेवला.

कार्य आटोपल्यावर मांडवामागे दोघे मास्तर चहाला बसले. मी मध्ये. युसूफमास्तरांच्या जावयाने सगळं भांडवल साऊंडच्या गाडीत घातलं होतं आणि सासऱ्याला कॅसेट बदलायला बसवलं होतं. "बँडमध्ये पंधरा जण रुसायचे," ते म्हणाले, "गाडीत एकच वस्तू रुसते. तेवढा फायदा आहे."

देविदासमास्तर म्हणाले, "युसूफभाई, तू आज जिकना. टोपी लई जाय."

"कसा जिकनू? कोनासंगे टक्कर झायी?"

"मी वाजाडू शकनू नही. तू वाजाडं."

"आरे पन तुनाच बँडमा वाजाडं ना! तुना बाजा, तुना ठेका. म्हंजे मी आज तुना भरतीवाला झायू. भरतीवाला कधी टोपी जिकस का? ये हिसाब गलत शे, देविदास."

"मंग तशीच ली ले. कोन देखी ऱ्हायनं?"

"मी देखी ऱ्हायनू ना."

मी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. म्हटलं, गाडीची आणि बँडची टक्कर झाली असं धरू, गाडी बंद पडली, म्हणजे गाडी हरली. युसूफमास्तर म्हणाले, "मग गाडीची टोपी घ्या, मॅनेजरसाहेब. जनरेटरवर झाकण आहे एक." यावर दोघं म्हातारे एवढे हसले की देविदासमास्तरांना तोंड झाकायचं भान राहिलं नाही.

उठताना युसूफमास्तरांनी अट सांगितली. देविदासने दात बसवावेत. ते स्वतः धुळ्याच्या जुन्या माणसांतून बँड उभा करतील, वाद्यं अजून माळ्यावर आहेत. मग नियमाप्रमाणे टक्कर, दोन वराती, एक रस्ता. जिंकले तर टोपी नेतील, हरले तर पुन्हा विषय काढणार नाहीत. "पण लौकर," ते म्हणाले. "मलाही दात आहेत ते किती दिवस, सांगता येत नाही."

जाता जाता शूटिंगचं. आप्पांनी महिन्याभराने कॅसेट दाखवायला घरी बोलावलं. वळणावरचा भाग आला. युसूफमास्तरांची बोटं दिसत होती, बायांची तोंडं हलत होती, आणि वरून शूटिंगवाल्याने जळगावच्या स्टुडिओत सिनेमाचं धांगडधिंगा गाणं टाकलेलं होतं. आप्पा म्हणाले, "आवाज साफ आलाय नाही?" मी हो म्हटलं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

सद्यःस्थिती अशी. देविदासमास्तरांची कवळी दसऱ्याआधीच तयार झाली. सुरुवातीला शिट्टी वाजायची, आता सूर लागतो. धुळ्याहून निरोप आला आहे की नऊ माणसं जमली, बाकी भरतीचे घेऊ. आत्मारामला दोन्हीकडून मागणी आहे. टोपी धुऊन, उन्हात वाळवून, तुरा सरळ करून परत खिळ्याला लावली आहे.

उरलेलं काम माझ्याकडे आहे आणि ते अजून झालेलं नाही. येत्या सराईत, एकाच गावात, एकाच मुहूर्ताला, समोरासमोरच्या वराती असलेली दोन लग्नं पाहिजेत. रस्ता अरुंद पाहिजे. गावाला बायपास नको. आखाजीच्या आसपासची तिथी असेल तर उत्तम, माहेरवाशिणी गावात असतात. दोन्ही नवरदेव बराच वेळ उन्हात एका बशीतून चहा पीत बसायला तयार पाहिजेत. चार गावं फिरून आलो. एका ठिकाणी दोन लग्नं मिळाली पण रस्ता रुंद निघाला, दुसऱ्या ठिकाणी रस्ता मनासारखा आहे पण त्या गल्लीत लग्नाचा एकच मुलगा आहे, आणि समोरच्या घरातला अजून दहावीत आहे.